हलका ताव

दिवाळीच्या आधीचा रविवार म्हणजे आमच्या घरी पितळेचा वार. माळ्यावरून समया, घंगाळं, ताम्हनं, कुणाच्या तरी लग्नात आलेली नावं घातलेली भांडी सगळी खाली यायची. आजी आदल्या रात्री चिंच भिजत घालायची, आई राख चाळून ठेवायची आणि आम्ही मुलं नखं हिरवी होईपर्यंत घासत बसायचो. पुढे पितांबरी आली, श्रम कमी झाले, पण ध्यास तोच. काळं पडलेलं पितळ म्हणजे घराची अवकळा. कल्हई उडालेल्या भांड्यात चुकून ताक राहिलं आणि कळकलं, तर त्या दिवशी घरातल्या कुणाची तरी सात पिढ्यांची अक्कल निघायची. त्यामुळे पितळेवरचा काळेपणा नि हिरवा जंगाल विकत घ्यायला लोक पैसे मोजतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा आजी आठवली. बरं झालं, ती हे ऐकायला नव्हती.

कळलं ते अण्णांच्या दुकानात. कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर, एका बोळाच्या तोंडाशी हे दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. मागे भट्टी, पुढे ऐरण, आणि भिंतीवर टांगलेल्या झोपाळ्याच्या कड्या. आळीतून दिवसभर मठारकामाचा ठकठकाट येत असतो, पण अण्णा तांबट नव्हेत, ओतारी. तांबट पत्रा ठोकतात, ओतारी रस ओततात. हा फरक तुम्ही विसरलात तर अण्णा चहा सांगत नाहीत.

पुण्यातले वाडे पडले आणि अण्णांचं काम वाढलं, हे ऐकायला विचित्र वाटेल. झालं असं, की वाडा पडला की भाऊ वेगळे होतात, आणि भावांबरोबर झोपाळाही वाटला जातो. फळी थोरल्याकडे, चार साखळ्यांपैकी दोन एकाकडे, दोन दुसऱ्याकडे. मग दोघांनाही फ्लॅटच्या बाल्कनीत झोपाळा लावायचा असतो आणि दोघांनाही दोन-दोन साखळ्या कमी पडतात. अण्णा जुन्या कडीवरून साचा काढतात. तेच हत्ती, तेच मोर, तोच घोडेस्वार. पण नवी कडी जुनीच्या शेजारी लावली की सोन्याचा दात बसवल्यासारखी चमकते. तिला जुनीच्या रंगाला आणणं हे खरं नाजूक काम.

ते मी पुष्कळदा बसून पाहिलं आहे. आधी कडी चिंचेने आणि रांगोळीने अशी घासायची की पाणी तिच्यावर थेंबाथेंबाने न थांबता एकसंध पसरलं पाहिजे. तेलाचं बोट कुठे राहिलं तर नेमकी तिथे रंग धरत नाही, आणि बोटाचा ठसा जन्मभर दिसत राहतो. त्यामुळे घासल्यानंतर हात लावायचा नाही, तारेनेच उचलायची. मग मोरचूद आणि पोटॅशियम परमँगनेट घातलेल्या कढत पाण्यात ती सोडायची. आधी गुलाबी झाक येते, मग चहाचा रंग, मग जुन्या लाकडाचा. काढायची, धुवायची, बघायची, परत सोडायची. हे झालं निम्मं. उरलेलं निम्मं म्हणजे लावलेला रंग योग्य तिथे पुसून काढणं. झोपाळ्यावर बसणारा जिथे हात धरतो तिथे पितळ कधी काळं राहत नाही, मधासारखं होतं. कडीत कडी घासते तिथे तर लखलखीत असतं. काळेपणा राहतो फक्त हत्तीच्या कानामागे, मोराच्या पिसाऱ्याच्या रेघांत, जिथे फडकं पोचत नाही. अण्णा अंगठ्याला राख लावून तेवढा भाग उजळतात आणि शेवटी मेणाचा हात फिरवतात.

"आणि हिरवं?" मी एकदा विचारलं.

"हिरवं म्हणजे बेवारशी," अण्णा म्हणाले. "नांदत्या घरातला झोपाळा हिरवा होतो का कधी? जो हिरवा झोपाळा जुना म्हणून विकतो, तो स्वतः कधी झोपाळ्यावर बसलेला नाही असं समजा."

एवढं सगळं जमवल्यावर अण्णा एक गोष्ट करत. आकड्याच्या आतल्या अंगाला, जिथे डोळा जात नाही, पण बोट जातं, तिथे पंचाने साल ठोकत. 1987. 1998. 2006. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी मागितलेलं नव्हतं. डोळ्याला कळू नये, बोटाला कळावं, एवढंच ते म्हणत. एकदा फार मागे लागलो तेव्हा नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेचं सांगितलं. ती पोर्तुगिजांची घंटा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या स्वारीतली. तिच्यावर 1721 साल आहे. "आता ती महादेवाच्या देवळावर आहे, पण कुठे जन्मली ते तिचं तिने अंगावर ठेवलंय. धातू लबाडी करत नाही हो. त्याच्या वतीने आपण करतो."

हे मी त्या वेळी जरा पुस्तकी वाक्य म्हणून सोडून दिलं होतं.

*

सदा हा अण्णांचा भाचा. आयटीआय झालेला, बावीस-तेवीस वर्षांचा, हाताला विलक्षण चांगला. तीन वर्षांत त्याची नवी कडी जुनीच्या शेजारी ठेवली तर मला ओळखू येईनाशी झाली. अण्णांना येई, पण तेही क्षणभर थांबत. पुढचं सगळं मला सदानेच सांगितलं. अण्णांनी त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही.

दुकानात एक शेट येत. जुन्या वस्तूंचा व्यापार. मोठ्या हॉटेलांना, शेतघरांना, परदेशी गिऱ्हाइकांना माल पुरवायचे. त्यांना चार झोपाळ्यांचे पूर्ण संच हवे होते, सोळा साखळ्या. नव्या बनवलेल्या आणि जुन्या दिसणाऱ्या. अण्णांनी सांगितलं, करून देतो, आत साल मारीन. शेट हसले, म्हणाले, साल मारायचं तर मग जुनं कशाला करायचं? अण्णा म्हणाले, तेच म्हणतो मी. विषय संपला.

दुकानातला विषय संपला, पण बोळाच्या तोंडाशी शेटनी सदाला गाठलं. सदाला बहिणीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, ही एक गोष्ट. दुसरी त्याने स्वतःहून कबूल केली: "साहेब, पैशापेक्षा मला बघायचं होतं, माझं काम पेशवाईतलं म्हणून खपतं का." कलेतला हा मोह पैशाच्या मोहापेक्षा वाईट, असं माझं मत आहे; पैशाचा मोह निदान पैसे मिळाल्यावर थांबतो.

या शेटची हुशारी मात्र सांगण्यासारखी. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू कुणा खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून शेट तोंडाने "पेशवेकालीन" म्हणत आणि पावतीवर लिहीत "पितळी शोभेची वस्तू". म्हणजे कागद खरा आणि तोंड खोटं. बहुतेक व्यवहारांत उलटं असतं.

सदाने ओतकाम दुसऱ्या एका भट्टीवर उरकून घेतलं. हत्ती-मोरांच्या मधल्या सळ्या मात्र त्याने स्वतः केल्या, रात्री, अण्णा घरी गेल्यावर. जामनगरहून येते ती तीन सुती पितळी सळई, दोन्ही टोकांना वळवून आकडे केलेली. आणि इथे अण्णांच्या दुकानातले दोन नियम आडवे येत होते.

एक म्हणजे हलका ताव. सळई वळवायच्या आधी तिला ताव देऊन मऊ करायची, हे कुणालाही ठाऊक असतं, नाहीतर ती वळतच नाही. पण वळवून झाल्यावर अण्णा सगळे आकडे भट्टीच्या फुफाट्यात तासभर पुरून ठेवत. फुफाटा किती गरम असावा? सागाची काडी आकड्यावरून ओढली तर तपकिरी रेघ उठली पाहिजे, काडी पेटता कामा नये. तासाने बाहेर काढलेला आकडा अगदी आधी होता तसाच दिसे. ना आकार बदललेला, ना वजन. दिवसाचा एक तास आणि पाटीभर कोळसा त्यात जाई आणि बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नसे.

दुसरा नियम नवसागराचा. नवसागरात चुना कालवला की जो वास सुटतो, नाकातोंडात जाऊन डोळ्यांतून बाहेर येणारा, त्या वासात पितळ ठेवलं की एका रात्रीत शंभर वर्षांचं होतं. हल्ली नवसागर-चुन्याची खटपटही नको. अमोनियाचं बुधलं विकत मिळतं. अण्णा समईच्या मोराला, दाराच्या फुलाला तो वास देत. पण झोपाळ्याच्या कडीला कधी नाही. "भार घेणाऱ्या पितळेला नवसागर दाखवायचा नाही," एवढं ते म्हणत. का, ते म्हणत नसत.

सदाला हे दोन्ही नियम जुन्या लोकांचे वाटले. दुकानात शिरताना उजवा पाय आधी टाकावा, त्यातले. मोरचुदाच्या पाण्यात सोळा साखळ्या एकेक करून सोडायच्या म्हणजे आठ रात्री गेल्या असत्या. त्याने बोहरी आळीतून झाकणाचा मोठा प्लास्टिकचा पिंप आणला, त्यात लाकडाचा भुसा अमोनियाने भिजवून घातला, मीठ आणि व्हिनेगर शिंपडलं, साखळ्या पुरल्या आणि झाकण लावलं. दोन रात्रींनी उघडलं तर काम फत्ते. तपकिरी, काळं, आणि शेटच्या फर्माइशीप्रमाणे कोपऱ्याकोपऱ्यांत हिरवं. सळ्यांना हलका ताव दिलेला नव्हता. साल मारलेलं नव्हतं. सोळा साखळ्या, प्रत्येकीत दोन सळ्या, प्रत्येक सळीला दोन आकडे: चौसष्ट आकडे. हा हिशेब त्याने तेव्हा केला नव्हता. नंतर केला.

शेटनी संच पाहिले आणि काही न बोलता ठरल्यापेक्षा हजार रुपये जास्त दिले. सदा म्हणतो, ते हजार रुपये त्याने आठवडाभर मोडले नाहीत.

*

पुढच्या श्रावणात, भर पावसाचं, एक आजोबा दुकानात आले. पंचाहत्तरी उलटलेली, डावा हात प्लास्टरमध्ये, आणि चेहऱ्यावर मात्र मजेत असल्याचा भाव. बरोबर रिक्षावाल्याने आणून ठेवलेलं पोतं. पोत्यात चार साखळ्या.

"तुम्हीच ना ते अण्णा? अख्ख्या कोथरुडात तुमचं नाव निघालं. जुनं पितळ तुमच्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही म्हणतात."

अण्णांनी स्टूल पुढे केलं. आजोबांनी सांगितलं ते असं: सून आणि मुलाने त्यांच्या पंचाहत्तरीला झोपाळा घेऊन दिला. पेशवेकालीन साखळ्या. पाच-सहा महिने ते रोज संध्याकाळी त्यावर बसत होते. परवा चहा घेत बसले असताना काही खळ्ळकन वाजलं, आणि फळी एका कोपऱ्यातून गेली. कपबशी वाचली, मनगट गेलं.

"दोनशे वर्षं टिकली नि माझ्या वजनाने तुटली," आजोबा म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता. "एक नवी कडी करा. पण हां, नवी वाटता कामा नये. जुन्यात मिसळून गेली पाहिजे."

सदा मागे कानस घेऊन बसला होता. त्याने पोत्यातून निघालेला पहिला हत्ती पाहिला आणि कानस तशीच हातात राहिली.

अण्णांनी तुटलेला आकडा दारातल्या उजेडात नेला. डोळ्यांजवळ धरला. मग खिशातून भिंग काढलं. तुटलेला धातू वाचता येतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. ओढून तुटलेली वस्तू ताणली जाते, बारीक होते, मग तुटते. तुटण्याची जागा सगळी एकरंगी, खरबरीत, पिवळी असते. हा आकडा कुठे बारीक झालेला नव्हता. तुटीचा तीन चतुर्थांश भाग काळपट, जणू तो आधीपासून उघडाच होता. उरलेला एक कोपरा फक्त ताजा पिवळा. त्या कोपऱ्यावर आजोबा सहा महिने बसले होते.

अण्णांनी आकड्याच्या आत बोट घातलं. साल शोधलं. नव्हतं.

मग त्यांनी बाकीच्या साखळ्यांच्या सळ्या सोडवल्या. कडीला वाकडंतिकडं काही नव्हतं, सगळे आकडे धडधाकट दिसत होते. "सदा, रॉकेलचा डबा आण. आणि खडू."

ही जुनी तपासणी आहे, हिला यंत्र लागत नाही. आकडे रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे. चीर असेल तर कितीही बारीक असो, रॉकेल तिच्यात शिरतं. मग आकडा फडक्याने कोरडा ठणठणीत पुसायचा आणि वर पाण्यात कालवलेल्या खडूचा पातळ हात द्यायचा. खडू वाळतो, पांढरा होतो. मग थांबायचं.

पंधरा आकडे ओळीने पाटावर मांडले होते. पांढरे, चुन्याच्या खेळण्यांसारखे. बोळात पाऊस पडत होता. आजोबा काहीतरी सांगत होते, बहुधा नातवाबद्दल. पाचएक मिनिटांनी तिसऱ्या आकड्याच्या पोटाच्या बाजूला केसासारखी एक करडी रेघ उमटली. कुणी पेन्सिलने ओढत असावं तशी, सावकाश. मग सातव्यावर. मग एकदम दोघांवर. रेघ नेहमी पोटाच्याच बाजूला, म्हणजे आकडा वळवताना जिथे धातू आक्रसून बसतो आणि भार आला की जिथे तो उघडायला बघतो, तिथे. शेवटी पंधरापैकी पाचांवर रेघा होत्या.

"हे काय हो?" आजोबांनी विचारलं.

अण्णा त्यांच्याशी बोलले, पण सदाकडे बघत. त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. 1869 पासूनचा तो कारखाना, आणि तिथे काडतुसाची पितळी टोपणं तयार होत. वडिलांनी एक जुनी गोष्ट सांगितली होती. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात कोरडी राहावीत म्हणून घोड्यांच्या पागेत ठेवत. पाऊस सरला, पेट्या उघडल्या की टोपणं चिरलेली असायची. कुणी हात लावलेला नाही, कुणी गोळी झाडलेली नाही, ठेवल्या जागी चिरलेली. पावसाळ्यातच होतं म्हणून नावही तसंच पडलं: मोसमी तडा. दोष दमटपणाला दिला गेला, पितळेला दिला गेला. खरं कारण 1921 मध्ये नीट मांडलं गेलं. पागेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया असतो. पितळ ठोकून, दाबून, वळवून आकाराला आणलं की त्याच्या पोटात ताण राहतो. बाहेरून दिसत नाही. नुसता ताण असता तर ते जन्मभर तसंच राहिलं असतं. नुसता अमोनिया असता तर फक्त काळं पडलं असतं. दोन्ही एकत्र आले, त्यात दमट हवा, की कणाकणांच्या सांध्यांतून चीर शिरत जाते. जस्त जितकं जास्त, तितकी ही भीती जास्त.

"आणि उपाय?" आजोबा इंजिनिअर असावेत, त्यांना रस वाटू लागला होता.

"ताण काढून टाकायचा. हलका ताव. तासभर गरम राखेत. आकार बदलत नाही, रंग बदलत नाही. आतलं तेवढं मोकळं होतं."

"मग दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ताव दिला नसेल."

इथे अण्णांनी आकडा खाली ठेवला. "साहेब, ते हा सांगेल," ते म्हणाले, आणि उठून मागे भट्टीकडे गेले. भट्टीत काही नव्हतं. तरी ते तिथे पाठ करून उभे राहिले.

सदा मला म्हणाला, त्या वेळी त्याच्या डोक्यात तीन-चार खोटी उत्तरं तयार होती आणि सगळी चांगली होती. पण पाटावर त्या रेघा होत्या, आणि त्या अजून लांबत होत्या.

त्याने सांगितलं. पिंप, भुसा, दोन रात्री, सगळं. शेटचं नाव सांगितलं. हजार रुपये जास्त मिळाले तेही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

आजोबा ऐकत राहिले. मग त्यांनी चांगल्या हाताने हत्ती उचलला, उलटासुलटा केला, त्याच्या कानामागचा काळेपणा नखाने खरवडून पाहिला. "म्हणजे ह्या हत्तीपेक्षा माझा नातू मोठा आहे," ते म्हणाले. आणि हसले. सदालाही सुटका झाल्यासारखं वाटून हसू आलं, आणि तेवढ्यात आजोबांनी विचारलं:

"बाकीचे तीन झोपाळे कुठेत?"

*

सदा त्याच संध्याकाळी शेटकडे गेला. शेट शांतपणे म्हणाले, माल विकला गेला. एक कोकणाकडे, समुद्राकाठच्या कुठल्याशा हॉटेलात, एक बाहेरदेशी, एक कुणी दिवाणखान्यासाठी नेला, गाडी मुंबईची होती. पावत्या? पावत्यांवर नावं घालायची पद्धत नाही. फोन नंबर? जुन्या वस्तूंची गिऱ्हाइकं नंबर देत नसतात. तुटली म्हणतोस? जुनी वस्तू तुटणारच.

सदा दोन महिने हिंडला. शनिवार-रविवारी एसटीने कोकणात जाऊन हॉटेलांच्या पडव्या पाहून आला. माणसं त्याला आधी गिऱ्हाईक समजत, मग विक्रेता, मग वेडा. एका ठिकाणी झोपाळा होता, पण लोखंडी साखळ्यांचा, सोनेरी रंग दिलेला.

अण्णांनी त्याला दुकानातून काढलं नाही. रागावलेही नाहीत, आणि तेच त्याला जड गेलं. एकदाच, भट्टी विझवताना, ते म्हणाले, "नवसागर नको म्हणालो मी तुला. का नको, ते नाही सांगितलं. मला बापाने गोष्टीसकट दिलं होतं, मी नुसतं सूत्र दिलं." त्यानंतर त्यांनी ती काडतुसांची गोष्ट दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचा सपाटा लावला. मी ती आठ वेळा ऐकली आहे. दर वेळी पागेतले घोडे वाढतात.

आजोबांच्या चारही साखळ्या सदाने नव्याने केल्या, पैसे न घेता. ओतल्या, सळ्या ताव देऊन वळवल्या, आकडे फुफाट्यात तासभर पुरले, सागाच्या काडीची रेघ बघितली, रॉकेल-खडूची तपासणी केली. सोळाही आकडे पांढरे राहिले. मग मोरचुदाचं पाणी चढवलं आणि आजोबांना रंग दाखवायला बोलावलं.

प्लास्टर निघालं होतं. आजोबांनी त्या नव्या, पिवळ्याधमक कड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "राहू दे रे तसंच. काळं व्हायचं ते आमच्या घरी होईल. बघायला मी आहे अजून थोडा."

"साल आत मारतो," सदा म्हणाला.

"आत कशाला? हत्तीच्या पाठीवर मार."

अण्णांना ते पटलं नाही. हत्तीच्या पाठीवर साल म्हणजे रसभंग, असं ते अजूनही म्हणतात, आणि कारागीर म्हणून त्यांचंच बरोबर आहे. पण मारलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सदाचं लग्न झालं, दुकान तोच बघतो. गेल्या मार्गशीर्षात एका ओळखीच्यांकडे समई दुरुस्त करून द्यायची होती, म्हणून मी त्याच्याबरोबर साताऱ्याला गेलो. जुना दगडी वाडा, सोप्यावर मोठा झोपाळा, त्यावर दोन मुली पाय हलवत परवचा म्हणत होत्या. साखळ्यांवर हत्ती-मोर होते. यजमान म्हणाले, या, बसा, चहा येतोय. मी झोपाळ्याच्या टोकाला टेकलो. सदा उभाच.

"बसा की."

"बसतो," सदा म्हणाला. मुलींना त्याने हाताने खाली उतरवलं, मलाही उठायची खूण केली. मग टाचा उंचावून त्याने वरच्या आकड्याच्या आत बोट घातलं, ते सावकाश फिरवलं, आणि दुसऱ्या हाताने खिशातला खडू चाचपला.